चंद्र ढकलण्याचा हिशेब

२०२२ च्या सप्टेंबरची २७ तारीख, पहाटेचे पावणेपाच. आदल्या दिवशी घरोघरी घट बसले होते. घरातले सगळे झोपलेले, आणि मी संगणकासमोर बसून एक राखाडी ठिपका मोठा होताना पाहत होतो. दर सेकंदाला एक चित्र येत होते. आधी एक मोठा धोंडा दिसला, तो कडेला सरकत पडद्याबाहेर गेला. मग त्याच्यामागचा लहान धोंडा पडदाभर झाला. त्याच्यावरचे दगडगोटे वेगवेगळे मोजता येऊ लागले. शेवटचे चित्र वरच्या बाजूला थोडेसे उमटले आणि तिथेच थांबले. ते पाठवणारे यान उरले नव्हते.

मोठा धोंडा म्हणजे डिडिमॉस हा लघुग्रह, रुंदी पाऊण किलोमीटरच्या आसपास. लहान धोंडा हा त्याचा चंद्र, डायमॉर्फस, रुंदी सुमारे १५० मीटर. त्याच्यावर आदळलेले ‘नासा’चे डार्ट यान जेमतेम ५८० किलोचे होते, पण त्याचा वेग सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक होता. धडकेपूर्वी डायमॉर्फसला एका फेरीसाठी ११ तास ५५ मिनिटे लागत. धडकेनंतर हा काळ ३३ मिनिटांनी कमी झाला. मोहीम यशस्वी म्हणायला ७३ सेकंदांचा फरक पुरेसा मानला होता, हे लक्षात घेतले म्हणजे शास्त्रज्ञांना झालेला आनंद समजतो. माणसाने ठरवून एखाद्या खगोलाची कक्षा बदलल्याची ही पहिलीच घटना. आणि तो खगोल, कितीही चिमुकला असला तरी, चंद्र होता.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. दीडशे मीटरचा चंद्र हलला. मग खराखुरा, एखाद्या ग्रहाचा चंद्र हलेल काय? आपल्या चंद्राबद्दल मी बोलत नाही. तो सोडून देऊ. तो हलवण्याच्या गोष्टी कादंबरीकारांना शोभतात. पण सूर्यमालेत लहान चंद्र पुष्कळ आहेत, आणि त्यांतला एक तर असा आहे की त्याला हलवण्याचे कारणही आहे. मंगळाचा फोबोस.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी डार्टच्या धडकेतली एक विसंगती उलगडून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. यान चंद्राच्या समोरून आले. म्हणजे धडकेने चंद्राला ब्रेक लागला. मग त्याची फेरी लांबायच्या ऐवजी आखूड कशी झाली? रस्त्यावरच्या गाडीला ब्रेक लावला की ती मुक्कामाला उशिरा पोहोचते. कक्षेतल्या वस्तूचे गणित वेगळे असते. तिचा वेग किंचित कमी झाला की ती मध्यवर्ती पिंडाकडे झुकते, आतल्या, लहान वाटेवर येते, आणि आत आल्यामुळे तिथले गुरुत्वाकर्षण तिला अधिक जोरात फिरवते. थोडक्यात, कक्षेतल्या वस्तूला मागे ओढले तर ती खाली येते आणि जलद फिरते. पुढे ढकलले तर ती वर जाते आणि संथ होते.

डायमॉर्फस हलला याला आणखी एक कारण होते. त्याचा कक्षेतला वेग सेकंदाला अवघा १७ सेंटिमीटर होता. रांगणारे बाळ त्याला मागे टाकील. धडकेने या वेगात पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास घट झाली. शिवाय धडकेसरशी उडालेल्या दगडमातीने उलट दिशेला रेटा दिला आणि यानाच्या स्वतःच्या धक्क्याचा परिणाम तिपटीहून अधिक झाला. सैल दगडांच्या ढिगावर आपटण्याचा हा फायदा.

आता फोबोस. १८७७ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत आसाफ हॉल मंगळाचे चंद्र शोधत होते. काही रात्री हाती काही लागले नाही, तेव्हा ते शोध सोडून द्यायच्या बेतात होते. पत्नी अँजेलिना स्टिकनी यांनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे धाडले. आठवड्याभराच्या अंतराने आधी डीमोस आणि मग फोबोस सापडला. फोबोसवरच्या सर्वांत मोठ्या, नऊ किलोमीटर रुंदीच्या विवराला ‘स्टिकनी’ हे नाव आहे. खगोलशास्त्राच्या इतिहासात बायकोचे ऋण असे ठसठशीतपणे मान्य झाल्याची उदाहरणे फार नाहीत. आपल्या मंगळयानाच्या कॅमेऱ्यानेही फोबोसची छायाचित्रे घेतली आहेत. त्यांत तो दिसतो तसाच आहे: भाजून काळवंडलेल्या बटाट्यासारखा, २७ किलोमीटर लांब, विवरांनी आणि लांबलचक चरांनी भरलेला.

मंगळाच्या पृष्ठभागापासून तो फक्त सहा हजार किलोमीटरवर आहे. कोणत्याही ग्रहाचा ज्ञात चंद्र ग्रहाच्या इतका निकट नाही. त्याची फेरी ७ तास ३९ मिनिटांत पुरी होते, आणि मंगळाला स्वतःभोवती फिरायला २४ तास ३७ मिनिटे लागतात. चंद्र ग्रहापेक्षा जलद, त्यामुळे मंगळावर उभ्या असलेल्या माणसाला फोबोस पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. आणि त्याच्या दुर्दैवाचे मूळही इथेच आहे.

आपला चंद्र समुद्राला भरती आणतो. फोबोसही मंगळाच्या कठीण अंगावर एक अगदी बारीक फुगवटा उठवतो. खडकाला फुगायला आणि बसायला थोडा वेळ लागतो; तोवर फोबोस पुढे निघून गेलेला असतो. फुगवटा मागे राहतो आणि मागूनच फोबोसला ओढत राहतो. डार्टने डायमॉर्फसला एकदाच ब्रेक लावला. मंगळ फोबोसला अहोरात्र लावतो आहे. पृथ्वीवर याच्या उलट घडते. पृथ्वी चंद्रापेक्षा जलद फिरते, भरतीचा फुगवटा चंद्राच्या पुढे राहतो आणि त्याला पुढे ओढतो. म्हणून आपला चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे. फोबोस वर्षाला सुमारे १.८ सेंटिमीटर खाली येतो आहे.

पावणेदोन सेंटिमीटर म्हणजे बोटाचे अर्धे पेर. कोट्यवधी किलोमीटरवरून हे मोजले कसे, असे कोणीही विचारील. सरळ मोजलेच नाही. कक्षा आखूड होते तसा फोबोस वेळेच्या आधी पोहोचू लागतो, आणि ही आघाडी वर्षांच्या वर्गाने वाढते. शंभर वर्षांत तो खाली येतो जेमतेम १.८ मीटर, पण आपल्या वाटेवर ठरल्या जागेपेक्षा सुमारे हजार किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो. हे दुर्बिणीतून दिसते, आणि हल्ली मंगळावरच्या फिरत्या गाड्या सूर्यबिंबावरून जाणारा फोबोस टिपतात त्यातूनही पडताळता येते.

ही आघाडी पहिल्यांदा १९४५ मध्ये बेव्हन शार्पलेस यांच्या लक्षात आली. त्यांचा आकडा प्रत्यक्षाहून मोठा होता, आणि त्यातून एक मजेदार प्रकरण उद्भवले. योसिफ श्क्लोव्स्की हे सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ. सामान्य माणूस नव्हे, पहिल्या प्रतीचे विद्वान. त्यांनी मांडले की मंगळाच्या विरळ हवेच्या घर्षणाने फोबोस एवढा खाली येत असेल तर तो आकाराच्या मानाने कमालीचा हलका असला पाहिजे. आणि एवढा हलका म्हणजे आतून पोकळ. आणि पोकळ चंद्र निसर्ग करत नाही. १९५९ च्या सुमारास जगभर बातमी झाली की फोबोस कोणीतरी तिथे नेऊन सोडला असावा. १९७१ मध्ये मरिनर-९ यानाने जवळून चित्रे पाठवली आणि पोकळ गोलाच्या जागी बटाटा निघाला. तर्काच्या साखळीतली प्रत्येक कडी ठीक, फक्त पहिला आकडा चुकलेला. माझ्या आकडेमोडीसाठीही हा इशारा मी समोर ठेवला आहे.

फोबोसचे भवितव्य काय? तीन ते पाच कोटी वर्षांत तो मंगळाजवळ पोहोचेल. अखंड आदळेल, की त्याआधी मंगळाच्या ओढीने त्याचे तुकडे होतील? २०१५ मध्ये बेंजामिन ब्लॅक आणि तुषार मित्तल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तो दोन ते चार कोटी वर्षांत फुटेल आणि त्याच्या चुऱ्याचे कडे मंगळाभोवती दहा लाख ते दहा कोटी वर्षे राहील. शनीसारखा कडेवाला मंगळ. दृश्य देखणे असेल, पण एक चंद्र गेलेला असेल.

तर मग त्याला उचलून सुरक्षित जागी ठेवता येईल का? अशी जागा ठरवणे सोपे आहे. मंगळाच्या केंद्रापासून २०,४०० किलोमीटरवर कक्षेतला फेरीचा काळ मंगळाच्या दिवसाइतका होतो. तिथे फुगवटा मागेही राहत नाही आणि पुढेही जात नाही, कारण चंद्र आकाशात एकाच जागी टांगलेला असतो. फोबोस सध्या केंद्रापासून ९,३७६ किलोमीटरवर आहे. म्हणजे अकरा हजार किलोमीटर वर न्यायचा.

वजन सुमारे साडेदहा लाख कोटी टन. आपल्या चंद्राच्या सत्तर लाखावा हिस्सा, पण डायमॉर्फसच्या पंचवीस लाख पट. दोन्ही कक्षांमधल्या ऊर्जेचा फरक या वजनाशी गुणला की १३ च्या पुढे २१ शून्ये एवढे ज्यूल येतात. सगळे जग आज जेवढी ऊर्जा वर्षभरात वापरते तिची वीस वर्षांहून अधिक बेगमी. हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी दोनदा तपासला, कारण मला तो लहान वाटला! पण तो फसवा आहे. ही ऊर्जा फोबोसला मिळायला हवी. इंजिन वापरले की बहुतेक ऊर्जा इंजिनाच्या झोतातच निघून जाते.

आज आपल्याकडे सर्वांत काटकसरी इंजिन आहे ते आयन इंजिन. झेनॉन वायूचे विद्युतभारित कण ते सेकंदाला तीसेक किलोमीटर वेगाने मागे फेकते. फोबोसला त्या स्थिर कक्षेत हळूहळू चढवायला वेगाचा हिशेब सेकंदाला ६९० मीटरचा आहे, आणि त्यासाठी लागणारा झेनॉन सुमारे २४,००० कोटी टन. पृथ्वीच्या साऱ्या वातावरणात मिळून झेनॉन आहे सुमारे २०० कोटी टन. आपली हवा शेवटच्या कणापर्यंत गाळली, तरी अशा शंभराहून अधिक पृथ्व्या लागतील. रेट्याच्या भाषेत सांगायचे, तर हे काम हजार वर्षांत उरकायला माणसांना चंद्रावर नेणारी सात सॅटर्न-५ रॉकेटे हजार वर्षे सतत पेटती ठेवावी लागतील. त्या रॉकेटचा पहिला टप्पा अडीच मिनिटांत रिकामा होत असे.

म्हणजे नाही. माझा लेख इथेच संपायचा होता. ‘शक्य नाही’ हे दोन शब्द दोन हजार शब्दांत सांगण्याची कला दिवाळी अंकांत आपण सगळ्यांनी साधलेली आहे.

पण मग मी उलटा प्रश्न मांडून पाहिला. फोबोसला कुठे न्यायचेच नाही. फक्त तो पडतो आहे तो पडू द्यायचा नाही. आहे त्या कक्षेत धरून ठेवायचा. त्याला किती जोर लागेल? म्हणजेच, मंगळाचा तो फुगवटा फोबोसला मागे ओढतो तो किती जोराने? गणित शाळेच्या वहीत मावणारे आहे: वस्तुमान, वेग, कक्षेची त्रिज्या आणि वर्षाला १.८ सेंटिमीटर.

उत्तर येते सुमारे ७०० न्यूटन.

न्यूटन ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: पृथ्वीवर सत्तर किलोचा माणूस जमिनीवर जेवढा भार टाकतो, तेवढा हा जोर. साडेदहा लाख कोटी टनांचा चंद्र आपल्या अंताकडे निघाला आहे तो एका माणसाच्या वजनाइतक्या ओढीने. ती ओढ क्षणभरही थांबत नाही, एवढेच तिचे बळ. गंमत अशी की तोच सत्तर किलोचा माणूस फोबोसवर उभा राहिला तर तिथल्या क्षीण गुरुत्वाकर्षणात जेमतेम ४० ग्रॅम भरेल, एका लिंबाइतका.

सातशे न्यूटन आपल्या आवाक्यात आहेत. डार्ट यानावर आयन इंजिनाचा एक नवा नमुना होता. त्याचा जोर पाव न्यूटनहून किंचित कमी. तशी तीनेक हजार इंजिने लागतील. वर्षाला सातशे टनांच्या आसपास झेनॉन आणि पंधरा-वीस मेगावॅट वीज, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाएवढी. झेनॉन पृथ्वीवरून न्यायचा हे मात्र परवडणारे नाही. आणि डार्टसारख्या धडका देत राहायचे म्हटले, तर उडणाऱ्या मातीचा रेटा न धरता वर्षाला सहा हजार याने पाठवावी लागतील.

त्यापेक्षा बरा मार्ग १९७० च्या दशकात प्रिन्स्टनच्या जेरार्ड ओनील यांनी वेगळ्या कामासाठी सुचवला होता. लांब रुळावर विद्युतचुंबकांच्या ओळीने बादली पळवायची आणि टोकाला आतला माल सोडून द्यायचा. मी तिला गोफण म्हणतो. ज्वारीच्या रानात पाखरे हाकणाऱ्याला तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फोबोसवर इंधन म्हणून फोबोसचाच दगड वापरायचा. तो सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने मागे फेकला, तर सातशे न्यूटनांसाठी दिवसाला तीस टन पुरतात. दहा टनी ट्रकच्या तीन खेपा! त्यासाठीची शक्ती सुमारे ७०० किलोवॅट. वाया जाणारी धरून दुप्पट म्हणा, तरी रेल्वेच्या एका डिझेल इंजिनाने भागावे. रुळाची लांबी दोन किलोमीटर ठेवली, तर गुरुत्वाच्या शंभरपट प्रवेग लागेल. माणसाला तो मारक आहे, दगडाला नाही. एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे: आपल्या चंद्राप्रमाणे फोबोसही मंगळाकडे एकच तोंड ठेवून फिरतो, त्यामुळे त्याची मागची बाजू नेहमी मागेच असते. गोफण एकदा रोवली की तिची दिशा बदलावी लागत नाही. आणि या दराने सगळा फोबोस संपायला शंभर कोटी वर्षे लागतील.

इथवर आल्यावर मला जरा अस्वस्थ वाटू लागले. अशक्य म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट अचानक एखाद्या खाणीच्या कंत्राटाएवढी दिसू लागली होती. एका खाणीची आणि एका रेल्वे इंजिनाची यंत्रणा सहा हजार किलोमीटर उंचीवर परक्या ग्रहाभोवती चालवणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. आजवर फोबोसवर कोणतेही यान उतरलेले नाही. रशियाचे फोबोस-ग्रुंट २०११ मध्ये पृथ्वीची कक्षाही सोडू शकले नव्हते. पण ही अभियांत्रिकीची अडचण झाली. भौतिकशास्त्र हरकत घेत नाही.

हरकत आहे ती काळाची. गोफण एकदा चालवून भागत नाही. मंगळाची ओढ चालू आहे तोवर ती चालली पाहिजे. हजार वर्षे बंद राहिली तर फोबोस १८ मीटर खाली येईल. बिघडत नाही, पुन्हा सुरू करा. पण दहा लाख वर्षे विसरलात तर प्रकरण वेगळे, कारण ही ओढ अंतराच्या सातव्या घाताने वाढते. फोबोस केंद्रापासून सात हजार किलोमीटरवर आला की तीच ओढ जवळजवळ आठपट झालेली असेल. आपली लिपी पाच हजार वर्षांची आहे, शेती दहा-बारा हजार. तीन कोटी वर्षे रोज तीन खेपा घालणारी संस्था कशी दिसेल, तिचा ठराव कोणी करायचा आणि तिचे इतिवृत्त कोणत्या भाषेत लिहायचे, याची कल्पना मला करता येत नाही.

आणि फेकलेला दगड जातो कुठे? फोबोसचा स्वतःचा वेग सेकंदाला २.१ किलोमीटर. त्यातून मागे दोन किलोमीटर वेगाने फेकलेला दगड जवळजवळ थबकतो आणि सरळ मंगळावर पडतो. पडताना त्याचा वेग सेकंदाला चार किलोमीटर होतो. दहा टनांची एक खेप एकाच गोळ्यात सोडली, तर तिचा आघात १९ टन टीएनटीच्या स्फोटाइतका. मंगळावर माणसे राहत असतील, तर त्यांच्या डोक्यावर दिवसातून तीनदा. वाळू करून सोडली तर वाटेत बरीचशी जळेल. किंवा वेग सव्वापाच किलोमीटरपर्यंत वाढवावा, म्हणजे दगड मंगळाच्या कचाट्यातून सुटून सूर्याभोवती फिरू लागेल. पण कोणत्या वेळी काय सोडायचे हे ठरवणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

कार्ल सेगन आणि स्टीव्हन ओस्ट्रो यांनी १९९४ मध्ये लघुग्रहांच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला होता: जे तंत्र पृथ्वीकडे येणारा धोंडा बाजूला सारू शकते, तेच बाजूने जाणारा धोंडा पृथ्वीकडे वळवू शकते, आणि असे तंत्र हाती असण्याचा धोका मूळ धोंड्याच्या धोक्याहून मोठा असू शकतो. डार्टच्या वेळी निवडलेली जोडगोळी पृथ्वीच्या वाटेत येणारी नव्हती, आणि ढकलायला जोडीतला चंद्रच निवडल्यामुळे जोडीचा मार्ग जवळपास होता तसाच राहिला. ही काळजी मला डार्टच्या यशाइतकीच मोलाची वाटते. १९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला कोणत्याही खगोलावर मालकी सांगता येत नाही, आणि आपल्या उद्योगाने इतरांच्या कामाला अपाय होण्याचा संभव असेल तर आधी सल्लामसलत करावी लागते. चंद्र हलवण्याबद्दल त्यात वेगळे कलम नाही. १९६७ मध्ये कोणाला ते सुचले नसेल तर नवल नाही.

आपण फोबोसला धरून ठेवावे का? माझे मत विचाराल तर आज तरी नाही. घाई मुळीच नाही. दोन कोटी वर्षांची मुदत हाती आहे. आणि फोबोस मुळात काय आहे हेच ठरलेले नाही. तो मंगळाने पकडलेला लघुग्रह आहे, असे त्याचा काळा रंग सांगतो. मंगळावरच्या एखाद्या प्रचंड आघातात उडालेल्या मलब्यातून तो जमला आहे, असे त्याची जवळजवळ वर्तुळाकार, विषुववृत्तावरची कक्षा सांगते. पहिले खरे असेल तर आपण एक पाहुणा वाचवणार. दुसरे खरे असेल तर मंगळाचाच तुकडा मंगळावर परत जातो आहे आणि आपण त्याला अडवणार. गोफणीचा पहिला दगड उचलताना नेमका हाच पुरावा खणला जाईल.

त्याचे उत्तर शोधायला जपानची एमएमएक्स ही मोहीम तयार होते आहे. फोबोसच्या पृष्ठभागावर उतरायचे, किमान दहा ग्रॅम माती उचलायची आणि पृथ्वीवर आणायची, असा तिचा बेत आहे. तिकडे डायमॉर्फसची अवस्था जवळून पाहायला युरोपचे हेरा यान २०२४ च्या ऑक्टोबरात निघालेले आहे. ढकललेल्या चंद्राचे वजन नेमके किती आणि त्याच्या अंगावर खड्डा पडला की सगळा आकारच बदलला, हे ते मोजेल. एमएमएक्सबरोबर फ्रान्स आणि जर्मनीने बनवलेली आयडिफिक्स नावाची चार चाकांची छोटी गाडीही जाणार आहे. पृथ्वीवर तिचे वजन २५ किलो. फोबोसवर ती चौदा-पंधरा ग्रॅम भरेल, म्हणून तिची चाके अगदी सावकाश फिरवायची आहेत.